विचारणांची वही आणि एक लहानसं अनुदान

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात हिशेबाची एक लांबट वही असते. लाल कापडी पुठ्ठ्याची, मधोमध उघडली की हात न लावता उघडी राहणारी. गोव्यातल्या एका लॉ कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्याच वर्षी मी ही सवय लावून घेतली. कोणी येऊन काही मागितलं की तारीख लिहायची, मागणारा विद्यार्थी, वकील की पक्षकार ते लिहायचं, काय मागितलं ते लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात सापडलं की नाही ते. सापडलं नसेल तर फोन नंबर घेऊन ठेवायचा, पुढेमागे मिळालं तर कळवता यावं म्हणून.

अकरा वर्षांत अशा तीन वह्या भरल्या. पुस्तक घ्यायला येणाऱ्यांची नोंद कॉम्प्युटरवर होते, ती यात नाही. यात फक्त अडलेली माणसं आहेत. ‘देवस्थानच्या महाजनकीचा वाद, १९३३ चं रेग्युलामेंत, मूळ पोर्तुगीज हवं.’ ‘गावकरीची जमीन आफोरामेंतवर घेतलेली, बोलेतींत जाहिरात आली होती म्हणतात, साल आठवत नाही.’ ‘आजोबा १९५८ साली वारले, वाटणी झाली नाही, तेव्हाचा कायदा काय?’

गोव्याबाहेरच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडं सांगते. महाजनकी म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांचा हक्क, रेग्युलामेंत म्हणजे नियमावली, गावकरी किंवा कोमुनिदाद म्हणजे जमीन सामाईक धरणारी गावाची जुनी संस्था, आफोरामेंत म्हणजे कायम पट्टा आणि बोलेतीं म्हणजे सरकारी राजपत्र. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण इथले चालू कायदे एका रात्रीत गेले नाहीत. १९६२ च्या प्रशासन कायद्याने ते बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत चालू ठेवले. पुढे एकेक करून भारतीय कायदे आले, तरी कुटुंब आणि वारसा या बाबतीत १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता राहिली. तिची कलमं २५३८. खुद्द पोर्तुगालने १९६७ मध्ये ती बाजूला ठेवून नवी संहिता आणली, आमच्याकडे ती चालूच होती. वारशाचा भाग २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आला आणि तो कायदा २२ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. पण वारसा उघडतो तो माणूस वारतो त्या दिवशी. त्यामुळे १९५८ साली वारलेल्या आजोबांच्या मिळकतीसाठी आजही जुनाच मजकूर काढावा लागतो. लग्न आणि घटस्फोटाबाबतच्या १९१० च्या डिक्री (म्हणजे पोर्तुगीज सरकारचे हुकूम), हिंदूंच्या रीतिरिवाजांबद्दलची १६ डिसेंबर १८८० ची डिक्री, कोमुनिदादींचा १९६१ चा कोड, सगळ्यांचं तसंच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही नागरी संहिता परकी नव्हे, भारतीय कायद्यानेच ती स्वीकारलेली आहे. कायदा आपला आहे हे पक्कं झालं. तो ठेवलाय कुठे, हे विचारायला मात्र लोक माझ्या टेबलापाशी येतात.

त्यातलं बरंचसं असतं ते सरकारी राजपत्रात, म्हणजे ‘बोलेतीं’मध्ये. १८३७ पासून निघणारं हे राजपत्र. आमच्या लायब्ररीच्या मागच्या खोलीत त्याचे काही खंड आहेत, सलग नाहीत. एका जुन्या वकिलांच्या घरच्यांनी दिलेले. चामड्याची पाठ, आत पिवळा पडलेला कागद. पान उलटताना कोपरा बोटात येतो. जुलैत त्या खोलीत शिरलं की ओल्या गोणपाटासारखा वास येतो.

या खंडांसाठी काही करावं म्हणून २०२१ मध्ये मी पहिला अर्ज केला. एका राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थेची लहान संशोधन प्रकल्पांची योजना होती. पोर्टलवर ‘प्रमुख संशोधकाचं पद’ या रकान्यात असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर आणि ‘इतर’ असे चार पर्याय होते. मी ‘इतर’ निवडलं. प्रस्तावात मी मनापासून लिहिलं की खंड किती जुने आहेत, कागद किती ठिसूळ झालाय, स्कॅनरला किती पैसे लागतील, किती पानं होतील. पाच लाख मागितले, त्यातले निम्म्याहून अधिक स्कॅनरचे.

चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. प्रस्तावित काम हे ग्रंथालयाचं नेहमीचं काम असून त्यात संशोधनाचा प्रश्न दिसत नाही.

मला ते फार लागलं. ‘नेहमीचं काम’ या शब्दांनी जास्तच. अकरा वर्षं जे डोक्यात साठवलं, कोणती डिक्री कुठे मिळेल, कोणतं भाषांतर अपुरं आहे, कोणत्या वर्षाची सूची चुकीच्या खंडात बांधली गेली आहे, ते सगळं दोन शब्दांत संपलं. पण आठवडाभराने तो प्रस्ताव पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की त्यात खरंच प्रश्न नव्हता. मी मशीन मागितलं होतं.

पुढचं वर्षभर मी इतर दारं ठोठावली. कोणी या वाटेने जाणार असेल तर त्याचे दिवस वाचावेत म्हणून ते इथे लिहिते. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची मदत मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे, कॉलेजची लायब्ररी त्यात बसत नाही. राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या व्याख्येत पांडुलिपी म्हणजे हस्तलिखित, निदान पंचाहत्तर वर्षं जुनं. आमचे खंड जुने आहेत, पण छापील. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दफ्तरांसाठीचा कार्यक्रम मला सर्वांत जवळचा वाटला. मूळ कागद जागच्या जागी ठेवून डिजिटल प्रत करायची आणि ती सर्वांना खुली ठेवायची, हे मला मनापासून पटणारं. पण परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेची एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखाली नोंदणी हवी किंवा पूर्वपरवानगी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एकाने घेऊन दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे नोंदणी असलेल्या एखाद्या मित्रसंस्थेच्या नावावर पैसे आणायची वाटही बंद. आमच्या ट्रस्टची नोंदणी नाही. प्राचार्य म्हणाले, “एवढ्यासाठी ते सगळं उघडायचं का?” त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

कायदा ग्रंथपालांसाठी म्हणून वेगळं संशोधन अनुदान जगात कुठे असेल असं मला तोवर वाटलंच नव्हतं. ते अमेरिकेत आहे. तिथल्या लॉ लायब्ररीजच्या संघटनेची स्थापना १९०६ ची, तिचं संशोधन-नियतकालिक १९०८ पासूनचं. ग्रंथपालांनी कशावर संशोधन करावं याचा आराखडा ती संघटना स्वतः काढते आणि त्यासाठी अनुदानं देते. ती आपल्यासाठी नव्हेत हे उघड होतं. तरी तो आराखडा वाचताना मला पहिल्यांदा कळलं की ‘लोक कायदा शोधतात कसा’ हा प्रश्न स्वतःच संशोधनाचा विषय असतो. मशीनच्या आधी येणारा प्रश्न तो होता, आणि माझ्या प्रस्तावात तोच नव्हता.

पण माझ्या हातात त्याचं उत्तर शोधायला काय आहे, हे दाखवलं ते एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. ते आमच्याकडे अधूनमधून येतात. लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात, शिकलेले, पुढे नोटरीच्या ऑफिसात कारकून. वय ऐंशीच्या पुढे. पोर्तुगीज अशी वाचतात की जणू घरचं पत्र वाचताहेत. त्या दिवशी ते कोणासाठी तरी एक जुनी जाहिरात शोधत होते. दमून खुर्चीत बसले आणि म्हणाले, “बाय, ह्याच कागदाखातीर हांव कितलेफावट आयलां गो?” मी सहज वही काढली. मोजलं. सहा वर्षांत पाच वेळा. पाचही वेळा शेवटच्या रकान्यात ‘नाही’.

त्या संध्याकाळी मी तिन्ही वह्या घरी नेल्या. कोणता कायदा किती वेळा मागितला गेला, सापडला तर कुठे, नाही सापडला तर का, हे सगळं तिथे माझ्याच अक्षरात पडलं होतं. वर्गीकरण केलं की तो अभ्यास होणार होता.

दुसरा प्रस्ताव मी असा मांडला: गोव्यात अजून लागू पडणारा पोर्तुगीजकालीन कायदा शोधताना वकील आणि पक्षकार कुठे अडतात, आणि ग्रंथालयाने तयार केलेली सूची ती अडचण किती कमी करू शकते? आधार म्हणून वहीतल्या नोंदी. नावं आणि नंबर झाकून, प्रत्येक नोंदीला फक्त क्रमांक. कोण काय वाचायला येतो हे बाहेर जाऊ देणार नाही, हे मी प्रस्तावात वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. लायब्ररीत माणूस विश्वासाने विचारतो, आणि त्यातून मिळकतीचे वाद म्हणजे भावाभावांतलं प्रकरण. स्कॅनरची मागणी काढूनच टाकली.

या वेळी ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. सात-आठ मिनिटं मिळाली. एका तज्ज्ञांनी शांतपणे विचारलं, “हे काम कायद्याच्या प्राध्यापकांनी करायचं की ग्रंथपालांनी?” मी म्हटलं, “सर, प्राध्यापकांना विचारतात कायदा काय सांगतो. मला विचारतात तो कुठे आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याकडे जाताच येत नाही.” ते काही बोलले नाहीत, काहीतरी लिहून घेतलं. मुलाखतीनंतर मी बराच वेळ तशीच स्क्रीनकडे बघत बसले होते.

मंजुरीचं पत्र आलं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. तीन लाख साठ हजार, बारा महिने. सहायकाला महिना सोळा हजारांप्रमाणे एक लाख ब्याण्णव हजार, भाषांतर आणि लिप्यंतराला सत्तर, प्रवासाला चाळीस, स्टेशनरी आणि छपाईला तीस, किरकोळला अठ्ठावीस. पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच बाहेर पाहिलं. पाऊस धो धो कोसळत होता.

अनुदानाचं वर्ष पत्राच्या तारखेपासून सुरू होतं, ते पावसाचं वेळापत्रक पाहत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही हे खंड उघडत नाही. हवेतली ओल कागद ओढून घेतो, पानं एकमेकांना धरतात, जबरदस्तीने सोडवली तर अक्षरं दुसऱ्या पानावर जातात. म्हणजे बारातले साडेतीन महिने हातचे गेले. त्या काळात वह्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवल्या आणि पुढे तीन महिन्यांची मुदतवाढ मागितली, जादा पैसे न मागता. ती मिळाली. अर्ज करतानाच कामाच्या वेळापत्रकात पाऊस लिहायला हवा होता. कोकण-गोव्यातल्या कुणीही जुन्या कागदांचा प्रकल्प मांडला तर हे आधी लिहावं.

पैशांचं काम मला वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. संस्थेचं खातं पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसा ज्यावरून येतो त्या पोर्टलवर, होतं, पण मुलंमुलींच्या शिष्यवृत्तीसाठी. प्रकल्पासाठी वेगळी नोंद करावी लागली. आमच्या अकाउंट्स सेक्शनला ग्रंथपालाच्या नावाने प्रकल्प ही गोष्ट नवीन होती. पहिला हप्ता आला तो पाच आठवडे कोणत्या लेजरमध्ये टाकायचा यावर पडून राहिला. सहायक म्हणून घेतलेली मुलगी, एमलिब झालेली, पेडण्याहून रोज बसने यायची. तिचा पहिला पगार दोन महिन्यांनी झाला. मी तिला म्हटलं, “थांबायला जमत नसेल तर सांग, मी समजेन.” ती म्हणाली, “मॅडम, काम सुरू झालंय ना, मग राहते.” त्या दोन महिन्यांबद्दल मला अजून अपराधी वाटतं. पहिल्या दिवसापासून वेगळं रजिस्टर, प्रत्येक बिलावर बजेटच्या कोणत्या शीर्षाखाली खर्च तो शेरा आणि महिन्याला एकदा अकाउंटंट बाईंबरोबर बसून मेळ, ही शिस्त लावल्यावर गाडी सुरळीत चालली. खात्यावरचं व्याजही आपलं नसतं, ते सरकारजमा करायचं असतं. शेवटी सरकारी वित्तीय नियमांतल्या ‘जीएफआर १२-ए’च्या नमुन्यातलं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामाला लागल्याचा दाखला, सीएंच्या सहीने द्यायचं, तेव्हा यातला प्रत्येक कागद लागतो.

दिवाळीनंतर खंड उघडले. बांधलेला खंड काचेवर पालथा दाबला तर पाठ मोडते. म्हणून फोमच्या दोन उतरत्या गाद्या करून घेतल्या, खंड त्यांवर पुस्तक वाचताना धरतो तितकाच उघडायचा, आणि वरून स्टँडला लावलेल्या कॅमेऱ्याने फोटो. एकीने पान धरायचं, दुसरीने बटण दाबायचं. दिवसाला ऐंशी-नव्वद पानं, त्याहून जास्त नाही.

मग पहिली मोठी अडचण समोर आली आणि खरं सांगायचं तर या प्रकल्पातला मला सर्वांत आवडलेला भागही तोच. फोटोंवरून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि त्यात ‘Comunidade’ म्हणून शोध घेतला, अर्थात रोमन अक्षरांत. म्हणावं तसं काहीच येईना. आमचे म्हातारे गृहस्थ शेजारी बसले होते. त्यांनी स्क्रीनवरच्या पानावर बोट ठेवलं. शब्द तिथेच होता, पण मधे एकाऐवजी दोन ‘एम’. पोर्तुगीजच्या लेखनाची मोठी सुधारणा झाली १९११ मध्ये. त्याआधी कोमुनिदाद दोन ‘एम’ने लिहीत, ऑफिसियाल दोन ‘एफ’ने, फार्मासिया ‘पीएच’ने. त्यापुढच्या खंडांत तेच शब्द नव्या रूपात. एकाच लेखनाने शोधणाऱ्याला अर्धं शतक दिसतच नाही. वहीतल्या कितीतरी ‘नाही’चं कारण हे होतं, आणि त्यातले बरेचसे ‘नाही’ मीच लिहिले होते.

दुसरं कारण तारखांचं. कायदा व्हायचा लिस्बनला, बोट इथे यायला वेळ लागायचा, मग बोलेतींत छापला जायचा. नागरी संहिता इकडच्या प्रांतांना लागू करणारी डिक्री १८ नोव्हेंबर १८६९ ची आणि ती इथे अमलात आली १ जुलै १८७० ला. वकिलाच्या कागदात असते लिस्बनची तारीख. तो त्या तारखेच्या अंकात शोधतो, तिथे काही नाही, निघून जातो. म्हणून आमच्या सूचीत डिक्रीची तारीख आणि इथे छापल्याची तारीख शेजारी-शेजारी ठेवल्या, शब्दाची दोन्ही लेखनं दिली, आणि शेवटच्या रकान्यात लोक बोलताना वापरतात तो शब्द: गावकरी, महाजनकी, इन्व्हेंटरी, आल्वारा. हा शेवटचा रकाना वहीतूनच आला. पक्षकार आत येऊन ‘रेग्युलामेंत दास माझानियास’ म्हणत नाही, ‘देवळाच्या महाजनांचा कायदा’ म्हणतो.

आमच्याकडे नसलेली वर्षं पाहायला पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गेलो. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय, तिथली जुनी सामग्री आमच्यापेक्षा कितीतरी मोठी. प्रवासखर्चाचे चाळीस हजार मंजूर होते, पण खर्च झाला जेमतेम नऊ. उरलेले परत केले. भाषांतराचे सत्तर हजार मात्र फेब्रुवारीतच संपले. कायद्याचं पोर्तुगीज वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांच्या वेळेला मोल असायलाच हवं. आमच्या म्हाताऱ्या गृहस्थांना मानधनाची पावती पुढे केली तेव्हा ते म्हणाले, “हें कित्याक?” सही करून घ्यायला मला बराच आग्रह करावा लागला. बजेट मांडताना प्रवासाचं कमी आणि भाषेचं दुप्पट धरायला हवं होतं.

अहवाल पाठवला, हिशेब पाठवला, शेवटचा वीस टक्क्यांचा हप्ता, बहात्तर हजार, अजून यायचा आहे. छपाईवाल्याला तोवर थांबायला सांगितलंय.

सूची पूर्ण झाल्यावर आम्ही दोघी वह्यांपाशी परत बसलो आणि शेवटच्या रकान्यातले ‘नाही’ एकेक करून पुन्हा तपासले. काही आता सापडले. त्या नोंदींपुढचे फोन मी लावायला घेतले. काही नंबर बंद होते. एका वकिलांनी सांगितलं की ते प्रकरण समेटाने मिटलं. सात वर्षांपूर्वीच्या एका नोंदीचा फोन लागला, तिसवाडीतल्या एका घरचा. आफोरामेंतची जाहिरात शोधत आलेले एक गृहस्थ मला आठवत होते, छत्री दाराशी उलटी उभी करून ठेवणारे. फोन त्यांच्या सुनेने घेतला. सासरे करोनात गेले, म्हणाली. मी काय बोलावं ते सुचेना, म्हटलं, “त्यांना एक कागद हवा होता. तो आता मिळालाय. तुम्हाला उपयोग असेल तर…”

“केस अजून चालूच आहे मॅडम,” ती म्हणाली. “पुढची तारीख अठराची. व्हॉट्सअॅपवर पाठवता?”

पाठवलं. मग सर्टिफाइड कॉपी कुठे मिळेल, अर्ज कसा करायचा, हे तिला सावकाश सांगितलं, आणि वहीत त्या जुन्या नोंदीपुढे खंड, पान आणि आजची तारीख लिहिली.